विषाणूच्या पिशवीत काय होतं

फोन प्राचार्यांच्या खोलीत होता आणि मी प्रयोगशाळेत मुलांना टायट्रेशन शिकवत होते. बोलवायला आलेल्या शिपायानं 'सोलापूरचा फोन आहे' एवढंच सांगितलं. पलीकडे नरसम्मा होत्या, माझी मैत्रीण गिरिजा हिच्या घरमालकीण. फोनवर बोलायची सवय नसल्यामुळे त्या ओरडून बोलत होत्या. "बाई गेली. तुमी या," असं दोनदा म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी परत जाऊन वर्ग पुरा केला. नंतर एकदोघांनी मला विचारलं, तुम्हाला धक्का नाही का बसला? बसला असणार... पण मुलांच्या ब्युरेट भरलेल्या होत्या, आणि माझ्या जागी गिरिजा असती तर तिनंही आधी वर्गच पुरा केला असता. मग अकलूजच्या स्टँडवर येऊन मिळेल त्या गाडीनं निघाले.

गिरिजा बिराजदार सोलापूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. मूत्रपिंडाचा विकार वर्षाहून अधिक काळ होता आणि शेवटच्या महिन्यात तो झपाट्यानं वाढला. मी पोचले तोवर तिचा भाऊ बसवराज गावाहून आला होता. अक्कलकोटच्या बाजूला त्यांचं शेत आहे, तिथंच तिला नेलं. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे विभूती लावून, हारफुलं घालून, बसलेल्या स्थितीत तिला मातीत ठेवलं. बोलणं सगळं कानडीत चाललं होतं, मला त्यातलं थोडंच कळत होतं. परत निघताना बसवराज माझ्याबरोबर बांधापर्यंत आले आणि मराठीत म्हणाले, "अक्का शेवाळावर काम करायची, एवढं म्हाईत हाय. पण काय काम, ते घरात कुणालाच म्हाईत न्हाय. तुमाला हाय का?" मला माहीत होतं, पण त्या बांधावर उभं राहून सांगता आलं नाही. ते इथं सांगायचा प्रयत्न करते.

आमची ओळख सत्तर सालच्या सुमाराची. विज्ञान शाखेत शिकवणाऱ्या बायका आम्ही दोघीच होतो, ती वनस्पतिशास्त्रात, मी रसायनात. स्टाफरूममध्ये खिडकीजवळच्या दोन खुर्च्या आम्हाला कुणी दिल्या नव्हत्या, पण तिथं दुसरं कुणी बसत नसे. मी कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली, बोलायला मोकळी. ती उंच, सावळी, कमी बोलणारी. प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची, पण लगेच नाही. समोरच्याला वाटायचं, हिनं ऐकलं नाही बहुतेक. आणि तो दुसऱ्या विषयाकडे वळला की हिचं पहिल्या प्रश्नाचं उत्तर यायचं.

एका रविवारी तिनं मला सिद्धेश्वराच्या तळ्यावर नेलं. दर्शन घेऊन ती पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेली, पदर खोचला आणि पिशवीतून औषधाची रुंद तोंडाची बाटली काढून पाण्यात बुडवली. शेजारी एक म्हातारी पाय धूत होती. तिला वाटलं ही तीर्थ नेतेय, म्हणून तिनं स्वतः सरकून हिला जागा करून दिली. गिरिजानं मला बाटली दाखवली. पाणी स्वच्छ होतं. गेल्या रविवारी हेच पाणी डब्यातल्या हिरव्या रंगासारखं दाट होतं, असं ती म्हणाली. आठवडाभरात एवढं शेवाळ मेलं कशानं? माशांनी एवढं खाल्लं नसतं आणि ऊनही बदललं नव्हतं. मी म्हटलं, मेलं असेल आपोआप. तिनं बाटलीला बूच लावलं. घरी परतताना, टांग्यात बसल्यावर म्हणाली, "आपोआप कुणी मरत नाही गं."

पुढचे काही महिने तिनं त्या एका प्रश्नापाठी घालवले. तळ्यातलं निळसर-हिरवं शेवाळ, सूक्ष्म धाग्यांचं, तिनं काचेच्या चंबूंत वाढवलं. स्वच्छ झालेलं पाणी तिनं चिनी मातीच्या एका गाळणीतून काढलं. ही गाळणी इतकी बारीक असते की जिवाणूसुद्धा अडकतात. त्या गाळलेल्या, दिसायला निव्वळ पाणी असलेल्या पाण्याचे काही थेंब हिरव्या चंबूत टाकले की दोनतीन दिवसांत शेवाळ पिवळं पडायचं, मग विरघळायचं आणि चंबू स्वच्छ दिसायचा. त्या चंबूतलं पाणी गाळून पुढच्या चंबूत टाकलं की तोही साफ. म्हणजे त्या पाण्यात जिवाणूहून लहान असं काहीतरी होतं आणि ते शेवाळात शिरून वाढत होतं. शेवाळाला रोगी करणारे विषाणू असतात हे परदेशांत काही वर्षांपूर्वीच कळलेलं होतं. सोलापूरच्या तळ्यात ते आहेत हे मात्र तिनंच पहिल्यांदा पाहिलं असावं. आमच्या कॉलेजात याचं कौतुक झालं, पण तळं साफ होतंय हे चांगलंच की, अशा अर्थानं.

तिला मात्र त्यापुढचं काहीतरी हवं होतं. विषाणू हा स्वतः काहीच करू शकत नाही. तो पेशीत शिरतो, तिच्याकडून आपल्या असंख्य प्रती करून घेतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. बाहेर पडताना गडबड होते. हे तिनं मला एस.टी. स्टँडवर, मोडनिंबच्या गाडीची वाट बघताना समजावलं होतं, कारण समोर तेच चाललं होतं. गाडीतून उतरणारी माणसं घाईत आपापल्या पिशव्या ओढत होती आणि कुणाच्या तरी हातात कुणाची तरी पिशवी जात होती. तसाच एखादा विषाणू, स्वतःचं सामान बांधताना, चुकून त्या पेशीच्या आनुवंशिक द्रव्याचा तुकडा बांधून घेतो. पुढच्या पेशीत शिरताना तो तुकडा तिथं टाकतो. ती पेशी वाचली तर तिच्याकडे आता दुसऱ्या कुणाचा तरी गुण आलेला असतो, आईबापांकडून न मिळालेला. जिवाणूंमध्ये हे होतं हे सिद्ध झालेलं होतं. शेवाळांत होतं का, हे कुणी नीट दाखवलेलं नव्हतं. "म्हणजे रोगच देणं देऊन जातो," मी म्हटलं. ती म्हणाली, "देतो का, ते बघायचंय." ... मला आठवतं, 'देतो का' यातल्या 'का'वर तिनं जोर दिला होता.

बहात्तरचा दुष्काळ आला आणि तळ्याचा तळ उघडा पडला. चिखलाला भेगा गेल्या. शेवाळ आणि विषाणू दोन्ही आता फक्त तिच्याकडे होते. शेवाळ घरी चंबूंत होतं आणि विषाणूच्या कुप्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाच्या फ्रीजमध्ये, चिरफाडीसाठी ठेवलेल्या बेडकांच्या शेजारी. शहराला पाणी एक दिवसाआड आणि तेही थोडं. पिण्याच्या पाण्यातून ती चंबूंसाठी पाणी काढायची. मी एकदा म्हटलं, निदान थोडे चंबू कमी कर. तिनं केले नाहीत.

शेवाळ घरी ठेवायला एक कारण होतं. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, नरसम्मांच्या घराच्या वरच्या मजल्यावर ती राहायची. खाली त्यांचे यंत्रमाग. टॉवेल निघायचे. मागांचा हादरा भिंतींतून वर यायचा आणि फळीवरचे चंबू सतत किंचित हलत राहायचे. त्यामुळे शेवाळ तळाशी बसत नसे, एकसारखं वाढायचं. हे काम करणारं यंत्र कॉलेजकडे नव्हतं. पाहुण्यांना त्या खोलीत बोलणं ऐकू येत नसे. तिला तो आवाज सोयीचा वाटायचा.

याच खोलीतून जायची वेळ तिच्यावर आली, ती स्ट्रेप्टोमायसिनमुळे. क्षयाच्या रोग्यांना देतात तेच इंजेक्शन. त्यानं हे शेवाळही मरतं. पण शेवाळाची एक जात तिनं अशी तयार केली होती की ती या औषधातही जगते. तिचा बेत सरळ होता. विषाणू आधी या औषध पचवणाऱ्या जातीवर वाढवायचा, मग तो साध्या जातीत सोडायचा. त्यातून जे साधं शेवाळ वाचेल ते औषध घातलेल्या बशीत ठेवायचं. जगलं, तर विषाणूनं तो गुण आणून दिला असं म्हणता येईल. यासाठी ती औषधाच्या दुकानातून स्ट्रेप्टोमायसिनच्या कुप्या पुन्हा पुन्हा घ्यायची. दुकानदारानं कुणाला तरी सांगितलं, त्यानं आणखी कुणाला. गिरणीच्या गावात क्षय घरोघर माहीत होता. पाहता पाहता तिच्याकडे कामाला येणारी बाई बंद झाली, आणि स्टाफरूममध्ये तिच्या कपाला कुणी हात लावेना. मग नरसम्मा वर आल्या. घरात नातवंडं आहेत, महिनाअखेर खोली सोडा, असं त्यांनी सांगितलं. मी तिथंच बसले होते.

गिरिजा रागावली नाही आणि तिनं समजूतही घातली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं छातीचा फोटो काढून घेतला आणि संध्याकाळी नरसम्मांना खिडकीशी बोलावून ती काळी फिल्म उजेडासमोर धरली. नरसम्मांनी बराच वेळ बरगड्यांकडे पाहिलं.

"मग औषध कुनाला?" त्यांनी विचारलं.

"शेवाळाला."

"त्याला टीबी झालाय?"

"नाही. कुणाला ते पचतं, ते बघते. आणि पचवायची कला एकाकडून दुसऱ्याकडे जाते का."

नरसम्मांनी फळीवरचे चंबू पाहिले. "आमच्या सासूची कला सुनेला येत न्हाय," त्या म्हणाल्या, "ह्याला कशी येनार?" पण खोली सोडायचं पुन्हा त्या बोलल्या नाहीत. कामवाली परत आली. ती फिल्म मात्र नरसम्मांनी मागून घेतली आणि गल्लीत दाखवायला नेली.

बशांमध्ये हिरवे ठिपके आले ते चौऱ्याहत्तरच्या आसपास. किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं त्याचाच घट्ट थर, त्यात औषध, त्यावर विषाणूतून वाचलेलं शेवाळ. सगळं पांढरं पडायला हवं होतं, तिथं टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके. ती मला कॉलेज सुटल्यावर घरी घेऊन गेली आणि बशी माझ्या हातात दिली. मला जीवशास्त्रातलं फार कळत नाही, पण तिचा चेहरा मी वाचू शकत होते. त्या दिवशी तिनं खाली जाऊन नरसम्मांच्या नातवंडांना पेढे दिले. पेढे कशाचे, हे मुलांनी विचारलं नाही.

तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात होते. त्यांचं नाव लिहीत नाही. विद्वान माणूस, तिच्यावर त्यांचा लोभ होता. त्यांनी घाई केली. निबंध एका संशोधनपत्रिकेकडे गेला, स्वीकारला गेल्याचं कळलं, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं. कॉलेजात विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि डॉक्टरेट असली की ती तिलाच मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अडचण आली ती तिच्याच हातून. विषाणू न घातलेलं साधं शेवाळ औषधाच्या बशीत ठेवलं तर ते मरतं, हे तिनं थोड्या बशांवर पाहिलं होतं. प्रबंध लिहिताना तिला वाटलं, थोड्या पुरेशा नाहीत. तिनं तेच पुन्हा, खूप बशांवर केलं. आणि त्यांतल्या काहींत हिरवे ठिपके आले. विषाणूचा संबंध नसताना आले. लाखो पेशींमधली एखादी पेशी स्वतःहूनच बदलते आणि औषध पचवायला लागते, असं होत असतं. मग आधीचे ठिपके विषाणूनं आणलेले, की असेच आपल्या आपण उगवलेले? विषाणू घातलेल्या बशांत ठिपके थोडे जास्त होते. पुढच्या खेपेला तेही जवळजवळ सारखेच निघाले. मी तिला म्हटलं, थोडे तरी जास्त आहेत ना, तेवढंच लिही. मला खरंच तसं वाटत होतं. तिनं माझ्याकडे नेहमीसारखं उशिरा पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

मार्गदर्शकांकडे आम्ही दोघी गेलो. तिनं बशा कापडात गुंडाळून मांडीवर ठेवून रेल्वेनं नेल्या. त्यांनी त्या पाहिल्या, चहा मागवला, शांतपणे समजावलं. या नंतरच्या बशांचा उल्लेख करायची गरज नाही, निबंधाच्या वेळी त्या अस्तित्वातच नव्हत्या, पुढे कुणी दुसरा करील आणि लिहील, विज्ञान असंच पुढं जातं. मला ते पटत चाललं होतं, हे कबूल करायला हरकत नाही. गिरिजानं चहा संपवला. कप खाली ठेवून म्हणाली, "सर, विषाणूनं काही आणलं असेल. नसेलही. मला माहीत नाही. आणि माहीत नसताना 'आणलं' असं लिहिलंय, ते मी मागे घेते."

"मग प्रबंधात राहिलं काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

निबंध तिनं मागे घेतला. डॉक्टरेट राहिली. सरांनी पुढे तिच्याशी बोलणं ठेवलं नाही. विभागप्रमुख झाला तो तिच्याहून लहान, तिनंच शिकवलेला विद्यार्थी, आणि तो तिच्याशी शेवटपर्यंत आदरानं वागला हेही सांगायला हवं. स्टाफरूममध्ये काहींनी हळहळ केली, काहींनी हसून घेतलं. बसवराजांनी तेव्हा, बाजाराला आले असताना, तिला विचारलं होतं, "अक्का, एवडी वर्सं घालवलीस की. कशाला?" यावर तिनं काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही.

यातून ती थोर वगैरे झाली नाही. उलट वर्षभर तिचं वागणं कठीण होतं. वर्गात मुलांवर चिडायची. माझ्याशीही तुटक वागायची, कारण त्या चहाच्या वेळी मी गप्प राहिले होते, असा माझा तर्क आहे. तळ्यावर जाणं बंद झालं. पुढे मी अकलूजला नोकरी घेतली तेव्हा ती स्टँडवर सोडायला आली आणि गाडी सुटेपर्यंत आम्ही हवापाण्याचं बोललो. चंबू मात्र तिनं टाकले नव्हते. दर काही आठवड्यांनी जुन्या चंबूतलं थोडं शेवाळ नव्यात घालून ती ते जगवत होती, जुनी पोथी नव्या कागदावर उतरवून ठेवावी तसं.

सत्याहत्तरच्या दिवाळीत मी गेले तेव्हा ती बदललेली दिसली. तिला चूक कुठं होती ते सापडलं होतं. एक गुण आपोआप बदलू शकतो. पण दोन वेगवेगळे गुण एकाच पेशीत एकाच वेळी आपोआप बदलणं हे जवळजवळ अशक्य. म्हणून औषध पचवणारी आणि शिवाय आणखी एक ओळखू येणारी खूण असलेली जात तयार करायची, आणि दोन्ही खुणा एकत्र दुसरीकडे गेल्या का ते पाहायचं. गेल्या, तर त्या एकाच पिशवीतून गेल्या. ती जात तयार करायलाच तिला वर्ष लागलं. तोवर पायांना सूज यायला लागली होती. डॉक्टरांनी मीठ तोडलं, जिने चढायचे नाहीत म्हणून सांगितलं. खाली राहायला या, असं नरसम्मांनीही म्हटलं. पण खालच्या खोलीत उजेड नव्हता. मग नरसम्मांनी आपल्या सुनेकरवी तिचं जेवण वर पोचवायला सुरुवात केली, अळणी, वेगळं शिजवून.

प्रयोग तिनं पुरा केला. गेल्या पावसाळ्यानंतर मी भेटायला गेले तेव्हा बशा खिडकीशी ओळीनं मांडलेल्या होत्या. विषाणू घातलेल्या आणि न घातलेल्या. दोन्हींत काही नव्हतं. पांढऱ्या, स्वच्छ. मी एक बशी उचलून उजेडाला धरली. तीच म्हणाली, "बघ, किती नीट आलंय." मला वाटलं ती उपरोधानं बोलतेय. पण नाही, ती खरंच समाधानानं पाहत होती. पहिल्या वेळी उत्तरच नव्हतं, असं ती म्हणाली, 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही. आता उत्तर होतं. "या शेवाळात, या विषाणूनं, या दोन गोष्टी नेल्या नाहीत. दुसरीकडे कुठं नेत असेल. नेत असणारच, असं मला वाटतं. पण ते माझं वाटणं झालं."

हे तिनं दीड पानात लिहून एका लहानशा पत्रिकेकडे पाठवलं. तिच्या जाण्याआधी थोडे दिवस ते छापून आलं. ज्यांना पुढे हेच करायचं असेल त्यांची काही वर्षं त्यामुळे वाचतील, असं मला त्या विषयातल्या एकानं सांगितलं. बाकी त्याची कुणी दखल घेतल्याचं मला माहीत नाही. पण त्या दीड पानात एकही वाक्य असं नाही की जे मागे घ्यावं लागेल.

गेल्या आठवड्यात मी सोलापूरला गेले होते, तिची पुस्तकं कॉलेजला द्यायची होती म्हणून. माग चालू होते. नरसम्मा माझ्याबरोबर वर आल्या. खोली त्यांनी एका परिचारिकेला भाड्यानं दिली आहे. तरुण मुलगी, नुकतंच लग्न झालेलं. तिची ट्रंक आली होती, भिंतीला देवाची तसबीर लागली होती. फक्त खिडकीजवळची फळी तिनं रिकामी केलेली नव्हती. तिथं तीन चंबू होते, हिरवे, मागांच्या तालावर किंचित हलणारे. नव्यानं भरलेले दिसत होते. मी नरसम्मांकडे पाहिलं. बाई कसं करायची ते सून रोज जेवण द्यायला येऊन बघत होती, असं त्या म्हणाल्या, आता तीच करते. कशासाठी करते, हे मी विचारलं नाही. त्या परिचारिकेनं मला चहा विचारला आणि खिडकीला पडदा लावायला काही हरकत आहे का, ऊन फार येतं, असं नरसम्मांना विचारलं.

"पडदा न्हाय लावायचा," नरसम्मा म्हणाल्या. "बाकी कायबी कर."